सोबत तिकीट

प्रिय ठमे,

तुझ्या कंपनीचं जाड पाकीट शनिवारी मिळालं. आत माझा एक फोटो, एक माहितीपत्रक, संमतीपत्राच्या दोन प्रती आणि सही करायच्या जागी डकवलेली पिवळी चिठ्ठी. चिठ्ठीवर तुझं अक्षर: ‘आई, इथे. शुक्रवारपर्यंत.’ सहा वर्षांत आईला एक पत्र लिहायला तुला सवड झाली नाही, आणि झाली तेव्हा असं उरकलंस. मी फोनच करणार होते. पण फोनवर तू ‘आई, एक मिनिट हं’ म्हणतेस आणि ते मिनिट दुसऱ्या दिवशी दुपारी संपतं. शिवाय मी बोलायला लागले की माझा आवाज चढतो, मग तू ‘आई, चिडू नकोस ना’ म्हणतेस, आणि मग मी खरोखरच चिडते. कागदावर आवाज चढत नाही. तेव्हा हे घरी वाच, दार लावून, एकटीने. मीटिंगमध्ये मांडीवर ठेवून चोरून वाचायचं हे पत्र नव्हे.

फोटो छान आहे हे आधी सांगते, नाहीतर म्हणशील आईला कशातच चांगलं दिसत नाही. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना तुम्ही पार्क दाखवायला बोलावलं होतं, त्या दिवशीचा आहे. मी बाकावर ताठ बसलेय, मांडीवर दोन पिशव्या, पायाशी चार, एका हातात तुझ्या नणंदेचा चष्मा आणि दुसऱ्या हातात तिच्या धाकट्याचे बूट. मागे तो निळा रोलर कोस्टर. तोंडावर ऊन आलंय म्हणून डोळे बारीक झालेत. तुमच्या जाहिरातवाल्यांना ते समाधान वाटलं असावं. खाली ठळक अक्षरांत: ‘ती खाली आहे, म्हणून आपण उडतो.’ वाचलं आणि मी फोटो पालथा ठेवला. कुणी काढला, कधी काढला, मला पत्ता नाही. एकोणतीस वर्षं लिफ्ट तपासताना मी लोकांच्या इमारतींत ओळखपत्र दाखवल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. तुमच्या फोटोवाल्याला समोर येऊन साधं ‘काढू का?’ विचारता आलं नाही. आणि आता हे माझं तोंड चौकाचौकात दोन मजली उंच लावायचं म्हणतेस.

कशासाठी, तर तुमच्या नव्या ‘सोबत तिकिटा’साठी. माहितीपत्रक मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. कुटुंबाबरोबर आलेल्या, पंचावन्नच्या पुढच्या बाईला अर्ध्या दरात प्रवेश. सावलीतला गादीचा बाक, एक चहा, सगळ्या घराच्या सामानासाठी एक कपाट आणि त्याची किल्ली तिच्या गळ्यात. मनगटावर राखाडी पट्टा. आणि राखाडी पट्टा दाखवला की एकाही खेळाचं फाटक उघडत नाही. म्हणजे या, बसा, सामान राखा, वर जायचं नाव काढू नका. बायकाच का, पुरुष का नाहीत, असं मी गेल्या आठवड्यात तुझ्या कंपनीच्या परिषदेत तुमच्या विक्रीवाल्या साहेबांना जेवणाच्या रांगेत विचारलं. ताटलीत काकडी वाढून घेत ते म्हणाले, पुरुषांना दिलं तर त्यांना अपमान वाटतो हो, आम्ही विचारून पाहिलं. बघ! म्हणजे पुरुषांना विचारलं होतं.

तुझ्या कामाला मी नावं ठेवत नाहीये. ‘स्थानिकीकरण विभाग’ असं तुझ्या कार्डावर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, रस्त्यावरच्या टपऱ्या हलवायचं खातं असेल. मग तू समजावून सांगितलंस. कंपनीचे पार्क पाच देशांत, सगळीकडे पाळणे तेच, तो थुलथुलीत पेंग्विन तोच, पण माणसं वेगळी. एके ठिकाणी झाडून सगळे साडेबाराच्या ठोक्याला जेवायला बसतात, म्हणून तिथली उपाहारगृहं दुप्पट करावी लागली. दुसरीकडे लोक खेळ सोडून दिवसभर दुकानातच रमतात, म्हणून तिथे दुकानं वाढवली. आपल्याकडे तुमचा पेंग्विन पोरांना मिठी मारायला धावला आणि पोरं किंचाळत सुटली, तेव्हा त्याला लांबूनच हात हलवायला लावणारी तू. आणि ती रांग! आपल्याकडे एक मामा रांगेत उभा राहतो आणि त्याच्या नंबरावर नऊ जण येतात. तुमचे परदेशी साहेब त्याला लबाडी म्हणत होते. तू म्हणालीस, लबाडी नाही, आमची रांग अशीच असते, मामासाठी वेगळी रांग करा. केली, आणि भांडणं थांबली. हे मी शेजारच्या काकूंना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा त्या दूध उतू जातंय म्हणून उठून गेल्या. माझी लेक हुशार आहे याबद्दल वाद नाही. वाद परिषदेत वाटलेल्या तुझ्या अहवालातल्या पान चौदाचा आहे, जिथे हे तिकीट जन्माला आलं.

परिषदेत तू मला पहिल्या रांगेत बसवलंस. मला वाटलं, लेकीचं कौतुक ऐकायला बोलावलंय. चांगले कपडे घातले, केस नीट बसवून घेतले. तू पडद्यावर आकडे दाखवलेस: शंभर कुटुंबं, त्यातल्या त्र्याऐंशी कुटुंबांत एक वयस्क बाई बाकावर. इथवर ठीक. मग आकडे सोडून तू गोष्ट सांगायला लागलीस. माझी आई सरकारी लिफ्ट निरीक्षक होती, म्हणालीस. चौदा मजल्यांच्या पोकळीत लिफ्टच्या टपावर उभं राहून तिने दोर तपासले, पण आम्ही बागेत गेलो की ती आकाशपाळण्यात कधी बसली नाही, तिला भीती वाटायची. आणि माझे बाबा, ज्यांना जगातल्या सगळ्या गोष्टींची हौस, ते तिला एकटं वाटू नये म्हणून दर वेळी तिच्याजवळ खाली थांबायचे. आमच्या संस्कृतीत आई खाली थांबते आणि तिच्या जिवावर घर वर जातं. दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात दाबला. मी हसले. या गोष्टीवर मी अडतीस वर्षं हसत आलेय, त्यात आणखी एकदा.

आमच्या कॉन्व्हेंटात पदार्थविज्ञान शिकवायला एक सिस्टर होत्या. पट्टी कमी आणि जीभ जास्त वापरायच्या. माझी जीभ कुठून आली हा प्रश्न तुझ्या आजीला पडायचा, त्याचं हे उत्तर. वहीत कुणी मोजल्याशिवाय आकडा लिहिला की म्हणायच्या, तुला दिसलं ते डावीकडे लिही, तुला वाटलं ते उजवीकडे, आणि मधे रेघ मार. सगळ्या नोकरीत मी ती रेघ मारली. लिफ्ट सातव्या मजल्यावर अडकली, हे डावीकडे. रखवालदार म्हणतो पोरांनी आत उड्या मारल्या, हे उजवीकडे. तुझ्या अहवालात बाई बाकावर बसली हे डावीकडचं आहे. संस्कृतीमुळे बसली हे उजवीकडचं. मधली रेघ तू मारलीच नाहीस, ठमे. सहा महिने तुमची माणसं झाडाआडून बाक मोजत राहिली आणि त्र्याऐंशी बायकांपैकी एकीलाही कुणी जाऊन विचारलं नाही, की बाई, तुम्ही इथे का बसलात?

म्हणून मी गेले. सोमवारी आणि मंगळवारी, दोन्ही दिवस, सकाळी दहाला, तुला न सांगता. तिकीट खिडकीवरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता राखाडी पट्टा पुढे सरकवला. म्हटलं, पूर्ण तिकीट दे. म्हणाली, आजी, हे स्वस्त पडेल. म्हटलं, मला पडायचं नाहीये बाळ, चढायचंय. म्हणाली, घरची मंडळी मागून येतायत का? म्हटलं, घरची मंडळी परिषदा घेतायत. तिने पर्यवेक्षकाला बोलावलं. तो आला, वाकला आणि मोठ्याने, एकेक शब्द सोडवून बोलायला लागला, जणू मी बहिरीही आहे आणि परदेशीही. त्याच्या यंत्रात माझ्या वयाच्या, एकट्या आलेल्या बाईसाठी रकानाच नव्हता. तुम्ही पाच देशांचा अभ्यास केलात, पण एक बाई एकटी फाटकाशी येऊ शकते हे कुठल्याच देशात कुणाला सुचलं नाही. शेवटी त्याने मला ‘विद्यार्थी, एकटा’ या रकान्यात बसवलं आणि पिवळा पट्टा बांधला. सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाले. फी तेवढी पूर्ण घेतली.

दोन दिवसांत मी एकवीस जणींशी बोलले. शेजारी बसायचं, ऊन फार आहे म्हणायचं, मग विचारायचं. निरीक्षकाला एवढं जमतं. एकीचे गुडघे गेलेले. ते विचारायची गरजच नव्हती, ती बसली तेव्हाच आवाज आला. एकीच्या मांडीवर तिच्या सुनेचं तान्हं झोपलं होतं, पण ते झोपण्याआधी ती तीन फेऱ्या मारून आली होती आणि आता सून मारत होती. त्यांची पाळी ठरलेली. एकीची अडचण चष्म्याची. फाटकावरचा माणूस चष्मा काढायला लावतो, आणि चष्मा काढला की तिला स्वतःचे पाय दिसत नाहीत. चष्म्याला मागून दोरी मिळाली तर ती आत्ता उठेल म्हणाली. दोरी, ठमे! दोन बोटांची दोरी. त्यासाठी तुम्ही संस्कृतीपर्यंत गेलात. एक परिचारिका भेटली, धिप्पाड, पाय सोडून आडवी झालेली. ती म्हणाली, मी रोज बारा तास उभी असते, इथे चार तास मला कुणी हाक मारत नाही, तुम्ही मला उठवायला आला असाल तर आल्या वाटेने परत जा. मी म्हटलं, झोपा. म्हणजे तुझा बाक अगदीच चुकीचा नाही, हेही लिहून ठेवते, डावीकडच्या बाजूला. पण नऊ जणी, एकवीसपैकी नऊ, वेगवेगळ्या शब्दांत एकच बोलल्या: कुणी विचारलंच नाही. घरची सगळी धावत सुटली, हातात पिशव्या आल्या, मग बसले. त्यातली एक माझा पिवळा पट्टा बराच वेळ बघत राहिली आणि आवाज खाली आणून म्हणाली, आपल्याला बसू देतात का हो?

एका बाकावर नवरा-बायको दोघं होते. मी बाईंना विचारलं, उत्तर नवऱ्याने दिलं. हिला भीती वाटते हो वर, म्हणून मीही थांबलो, एकटी कुठे बसेल. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. पुढचा प्रश्न मी विचारला नाही. त्यांनी माझ्यासाठी बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली.

मग मी तुझ्या निळ्या कोस्टरवर बसले. दांडी पोटाशी येऊन बसली, मी ती दोनदा हलवून पाहिली, सवय आहे. चढावर साखळीखालचा खटका टक टक वाजत होता. गाडी मागे घसरू नये म्हणून तो असतो, आणि त्याचा आवाज एकसारखा होता, तेव्हा मी निश्चिंत झाले. अगदी वर पोचल्यावर गाडी क्षणभर विचार केल्यासारखी रेंगाळते. तिथून वाहनतळ दिसतो, नदीपलीकडच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, तुझ्या ऑफिसच्या गच्चीवरची टाकी दिसते. टाकीचं झाकण उघडं आहे, कुणाला तरी सांग. आणि मग खाली! मी ओरडले. शाळा सुटल्यापासून एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते, आणि शाळेतही कोपऱ्यात उभं राहावं लागायचं म्हणून निम्म्यावर थांबायचे. शेजारी कॉलेजातली एक मुलगी होती, तिने माझा दंड धरून ठेवला आणि उतरल्यावर सॉरी म्हणाली. मी तिला म्हटलं, सॉरी नको, चल परत. चार फेऱ्या मारल्या. चौथ्यांदा उतरले आणि फाटकाबाहेर कठड्याला धरून मी रडले. आनंदाने नाही हं. रागाने. असला राग, की कठडा उपटून काढावा. अडतीस वर्षं मी हे सोडलं होतं, आणि कशापायी?

आता बाबांचं सांगते. सांगायचं नव्हतं.

तू तीन वर्षांची होतीस. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. आपण सगळे बागेत गेलो होतो, तुझे दोन्ही काका, काकवा, आजी, मुलं. तुला आजीकडे देऊन मी आणि बाबा आकाशपाळण्यात बसलो. मीच ओढून नेलं होतं त्यांना. आमचा पाळणा अगदी टोकाला असताना चाक थांबलं. खाली यंत्राचा कुठला तरी पट्टा सरकला असणार. चार मिनिटं, फार नाही. तुझे बाबा म्हणजे कोण, तुला सांगायला नको. गणिताचे मास्तर, दोन वर्गांपलीकडे ऐकू जाणारा आवाज, मुख्याध्यापकांच्या तोंडावर ‘हे चूक आहे’ म्हणणारे, घरात शिरलेल्या चोराला कॉलर धरून पोलीस चौकीत नेणारे. त्या माणसाने डोळे मिटले, माझं मनगट असं धरलं की आठवडाभर नखांचे वण होते, आणि अगदी बारीक आवाजात, लहान मुलासारखे म्हणाले, मला खाली ने. मग त्यांना उलटी झाली. माझ्या अंगावर. चाक फिरलं, आम्ही उतरलो, सगळी मंडळी धावत आली, काय झालं, काय झालं. सगळ्यांनी माझे कपडे पाहिले. आणि मी म्हटलं, मला गरगरलं.

ते मी म्हटलं. बाबांनी मला सांगितलं नव्हतं. ते फक्त गप्प राहिले. मग पुढच्या सहलीला गप्प राहिले, आणि त्याच्या पुढच्या सहलीला स्वतःच म्हणाले, तुम्ही जा, हिला भीती वाटते, मी थांबतो हिच्याजवळ. हे वाक्य आपल्या घरात पाहुण्यासारखं आलं आणि घरजावयासारखं राहिलं. खात्याने मला पाचव्या मजल्यावर घर देऊ केलं होतं, ज्या इमारतीची लिफ्ट मी स्वतः तपासून पास केली होती. आपण मात्र तळमजल्यावर, गॅरेजच्या तोंडाशी, धूर खात राहिलो. का, तर हिला उंची सोसत नाही. घरातला प्रत्येक दिवा स्टुलावर चढून मी बदलला. ते स्टूल धरायचे आणि फरशीकडे बघायचे. तुला वाटायचं, बाबा किती काळजी घेतात. चार वर्षांपूर्वी शेवटच्या आजारपणात रुग्णालयात त्यांना सहाव्या मजल्यावर खिडकीजवळची खाट मिळाली. मी परिचारिकेला म्हटलं, मला खिडकीजवळ बसवत नाही, खाट बदलून द्या. तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण बदलली. बाबांनी माझा हात धरला. तेव्हाही बोलले काही नाहीत.

का केलं मी हे? प्रेम होतं, ते तर होतंच. पण नुसतं ते नव्हे. बायकोची भीती ही गंमत असते आणि नवऱ्याची भीती ही नाचक्की असते, हे मला एकोणतिसाव्या वर्षी पक्कं ठाऊक होतं. तुमच्या विक्रीवाल्या साहेबांनाही ठाऊक आहे, त्याचंच तर त्यांनी तिकीट काढलंय. मला याची किंमत काय पडली ते तुला दिसलं नाही, कारण तू तेव्हा लहान होतीस. एकदा सगळे जेवायला बसलेले असताना मोठे काका म्हणाले, सरकार लिफ्टवर माणसं नेमताना आधी पाळण्यात बसवून बघत नाही वाटतं? सगळे हसले. तुझे बाबाही हसले. बाकी सगळं मी त्यांना मनापासून माफ केलंय, ठमे. ते हसणं नाही जमलं.

तरीही हे सगळं मी पोटातच ठेवलं असतं. फोटोला नकार द्यायला मला एवढी पानं लागत नाहीत. ‘नाही’ हा शब्द मला बोबडं बोलायच्या वयापासून येतो. मी लिहायला बसले ते त्या घरच्यांच्या दिवसामुळे. निळ्या कोस्टरच्या फाटकाशी माझ्या नातीची उंची मोजली, रेघेच्या दोन बोटं वर भरली, आणि ती तुझा हात ओढत म्हणाली, आई, तू माझ्या शेजारी बस. तू म्हणालीस, मी ड्युटीवर आहे ना राणी, आणि आजीला एकटं कसं ठेवायचं, आजीला भीती वाटते. मी तुझ्याकडे पाहिलं. वरच्या ओठावर घाम, डाव्या हाताचा अंगठा मुठीत दाबलेला, आणि गाल ओढून आणलेलं ते हसू. या चेहऱ्याशेजारी मी चार मिनिटं बसलेली आहे, मला तो अंधारातही ओळखू येईल. सहा वर्षं तू पाळण्यांच्या कंपनीत आहेस आणि एकाही पाळण्यात बसलेली नाहीस. परिषदेत तुझ्या हाताखालच्या बाई हसत म्हणाल्या, मॅडम कायम जमिनीवरच असतात. आणि त्या दिवशी फाटकाशी तुझ्या लेकीने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, मग मीही थांबते आजीजवळ. आठ वर्षांची पोर! माझ्या मांडीवरची एक पिशवी उचलून तिने स्वतःच्या मांडीवर घेतली आणि पाय जुळवून बसली. मला तेव्हाच ओरडायला हवं होतं. मला सवयीने गप्प राहता आलं, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. तुमच्या फोटोत ती नाही. जाहिरातवाल्यांनी तिला कडेला कापलंय, एक कोपर तेवढं राहिलंय. नीट बघितलंस तर दिसेल.

मी सही करत नाही. दोन्ही प्रती कोऱ्या परत पाठवतेय. विभागप्रमुखांना, म्हणजे कचेरीतल्या तुला, माझं सांगणं एवढंच, की बाक ठेवा, गादी ठेवा, चहा ठेवा, पण पट्टा सगळ्यांना एकच द्या, आणि त्या बाकावर पुरुषांनाही बसू द्या; पुष्कळ जण सुटकेचा श्वास सोडतील. माझ्या लेकीला सांगायचंय ते वेगळं आहे. भीती तुला बाबांकडून आली, जसं नाक आलं. त्यात तुझा दोष नाही आणि त्यांचाही नव्हता. त्यांना मी माझ्या आड लपू दिलं. तुलाही दिलं असतं गं, आईच आहे मी. पण आता माझ्या आड जागा उरली नाही, तिथे तुझी पोर येऊन बसलीय. रविवारी अकरा वाजता मी तिला निळ्या कोस्टरवर नेतेय. जावयांना कळवून ठेवलंय, त्यांनी हो म्हटलंय. तू ये. वर येऊ नकोस, कुणी ओढणार नाही. फाटकाशी उभी राहा. फक्त तिने विचारलं की आई, तू का नाही बसत, तर माझं नाव पुढे करू नकोस. ‘मला भीती वाटते’ म्हण, मोठ्याने, चार माणसांत. मी शेजारीच असेन, आणि मी हसणार नाही.

तुझीच, अजून रागातच असलेली,
आई